बावीस मिनिटं

उज्ज्वलाताई मगदूम यांचा फोन नंबर धामणपेठेतल्या बायका कुठे कुठे लपवून ठेवत. कोणी तो रेशनकार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहायची, कोणी पोराच्या वहीत बेरजेसारखा मांडायची, एकीनं तर पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता. मार खाल्लेल्या, घराबाहेर काढलेल्या, किंवा आता सहन होत नाही एवढंच सांगू शकणाऱ्या बायकांसाठी उज्ज्वलाताई अठरा वर्षं जुन्या जकात नाक्याच्या इमारतीतल्या दोन खोल्यांत बसत होत्या. बाहेर ‘महिला साहाय्य समन्वय केंद्र’ अशी पाटी होती.

समन्वय हा शब्द जड असला तरी काम साधं होतं. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला पोलीस, दवाखाना, कोर्ट, निवारागृह, बँक आणि मुलांची शाळा अशा सहा दारांत जावं लागतं. प्रत्येक दारात तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. तिसऱ्या दारापर्यंत ती थकते आणि चौथ्या दाराऐवजी पुन्हा घरी जाते. तसं होऊ नये म्हणून सहाही दारं उज्ज्वलाताई स्वतः ठोठावत. कोणत्या हवालदाराशी कसं बोलायचं, कोणती डॉक्टर जखमेची नोंद नीट लिहिते, हे त्यांना तोंडपाठ होतं. बाई खुर्चीवर कशी बसते त्यावरून ती किती सांगेल आणि किती गिळेल हे मला कळतं, असं त्या म्हणत, आणि ते बरंचसं खरंही होतं.

दोन हजार अडतीसच्या उन्हाळ्यात केंद्रात ‘दुवा’ आला.

दिसायला तो काहीच नव्हता. भिंतीवर एक छोटा पडदा, टेबलावर हातभर उंचीचा ध्वनिक्षेपक आणि कुठूनही लागणारा एक नंबर. पण त्याच्यामागे दोन शोध होते. पहिला आवाजाचा. माणूस घाबरला की त्याच्या स्वरयंत्राचे स्नायू किंचित आखडतात आणि आवाजात एक अतिसूक्ष्म थरथर कमी होते. ‘मी बरी आहे’ असं म्हणणाऱ्या बाईला शब्द बदलता येतात, ती थरथर बदलता येत नाही. हजारो बायकांनी आपणहून दिलेल्या संभाषणांवरून दुवा ती ओळखायला शिकला होता.

दुसरा शोध कुलपाचा. सहाही दारांची माहिती दुव्याकडे बंद पेटीत असे, आणि गणिताच्या एका नव्या रीतीमुळे पेटी न उघडताच तिला प्रश्न विचारता येई. कोर्टानं विचारलं, दवाखान्यात नोंद आहे का, तर पेटी फक्त ‘हो’ म्हणे. नोंद कशाची, ती बाई सध्या राहते कुठे, हे कोर्टालाही कळत नसे आणि दुवा चालवणाऱ्यांनाही. किल्ली एकच होती, आणि ती म्हणजे त्या बाईचा स्वतःचा आवाज.

पहिल्या महिन्यात उज्ज्वलाताई सगळ्यांजवळ दुव्याची स्तुती करत होत्या. निवारागृहात जागा मिळवायला पूर्वी अर्धा दिवस फोन फिरवावे लागत, ते काम आता चहा निवायच्या आत होई. मग सुरेखा आली.

सुरेखा नवरा दारू पिऊन आला की केंद्रात येऊन बसणारी बाई. चार वर्षं ती येत होती, उज्ज्वलाताईंच्या डब्यातली भाकरी खात होती. त्या दिवशी उज्ज्वलाताई जिल्ह्याच्या बैठकीला गेल्या होत्या म्हणून ती दुव्याशी बोलली, आणि अकरा मिनिटांत तिनं सांगितलं की नवऱ्यापेक्षा तिला थोरल्या मुलाची भीती वाटते, कारण हल्ली तोही हात उचलतो. मुलासाठी समुपदेशक ठरवायचा होता, म्हणून तेवढी गोष्ट तिच्या परवानगीनं उज्ज्वलाताईंच्या पडद्यावर आली. खाली आणखी बरंच काही होतं. तिथे लिहिलं होतं : हा भाग तुमच्यासाठी खुला नाही.

उज्ज्वलाताई ते वाक्य कितीतरी वेळ बघत बसल्या. चार वर्षं, आणि अकरा मिनिटं. आपण तिला कधी मुलाबद्दल विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. ‘पोरगं गुणाचं आहे’ असं ती म्हणाली होती आणि आपण ते मानलं होतं.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात काहीतरी खुपायला लागलं. बायका केंद्रात येत, ‘ताई, बऱ्या आहात ना’ विचारत, आणि आतल्या खोलीत दुव्यासमोर जाऊन बसत. दार लागलं की उज्ज्वलाताई बाहेर कागद चाळत, पण कान आत असे. नुसती गुणगुण ऐकू येई. कधी रडणं. एकदा चक्क हसणं ऐकू आलं, आणि ते त्यांना रडण्यापेक्षा जास्त लागलं. केंद्रात झाडलोट करणारी मालन सहज म्हणाली की हा दुवा म्हणजे तुमची सवतच झाली की. उज्ज्वलाताई हसल्या, पण दिवसभर त्यांचं तोंड कडू राहिलं. यंत्राचा मत्सर करणारी बाई म्हणजे केवढी खुळी, असं त्या स्वतःला बजावत. बजावून काही उपयोग होत नव्हता. कोणती बाई किती मिनिटं आत होती, याकडे त्यांचं आपोआप लक्ष जायला लागलं.

अशात दीपाली चौगुले आली.

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, भाजीची पिशवी आणि चार वर्षांची ओवी घेऊन. वय एकोणतीस. कपडे शिवायच्या एका कारखान्यात मशीनवर बसायची. नवरा संग्राम सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यात सुपरवायझर होता, गावात गोडबोल्या म्हणून नावाजलेला. घरात मात्र तो तिची पावलं मोजायचा. कारखान्यातून घरी यायला सतरा मिनिटं लागतात, वीस झाली की चौकशी. फोन रोज तपासायचा. घरी आला की पहिला प्रश्न, आज कोणाशी बोललीस, काय बोललीस. उत्तर पटलं नाही की हात. कारखान्यातल्या कुठल्याच पुरुषाकडे तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं, पण त्याच्या मनातला संशय थांबायला तेवढंही पुरत नव्हतं.

फोन तपासला जातो म्हणून तिनं दुव्याला फोन केला नव्हता. दुवा नावाचं काही आहे हेही तिला माहीत नव्हतं. कोणाकडून तरी उज्ज्वलाताईंचं नाव ऐकून ती चालत आली होती.

“मला फक्त तुम्हीच ठाऊक आहात, मॅडम,” ती म्हणाली.

ते ऐकून उज्ज्वलाताईंना जे वाटलं त्याची पुढे त्यांना फार लाज वाटली. त्या क्षणी मात्र कित्येक महिन्यांनी कुणीतरी आपल्याला आपली जागा परत दिली असं त्यांना वाटलं होतं.

नियम असा होता की आलेल्या प्रत्येक बाईला दुव्याचा संमतीचा मजकूर वाचून दाखवायचा. हवं तर बोल, नको तर नको, पण असा आधार उपलब्ध आहे हे तिला कळलं पाहिजे. उज्ज्वलाताईंनी तो कागद खणातून काढलाच नाही. आतल्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं आणि दीपालीच्या डाव्या हाताला खुर्ची घेऊन बसल्या. दीपाली कमी बोलत होती, काही प्रश्नांना नुसतीच बघत होती. घाबरलीय, असं त्यांनी ओळखलं आणि आवाज आणखी हळू केला.

मग त्यांनी सगळं जुन्या पद्धतीनं केलं. देवरुखजवळच्या एका निवारागृहाच्या अधीक्षक नलिनी तांबे त्यांच्या जुन्या मैत्रीण. त्यांना फोन करून दोघींची जागा ठरवली. दवाखान्यातल्या ओळखीच्या नर्सला सांगून जखमांचे फोटो घेतले. दीपालीचा फोन बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवला. दोन रात्री मायलेकींना स्वतःच्या घरी झोपवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या गाडीत त्यांना स्वतः बसवून दिलं.

संध्याकाळी केंद्र बंद करताना दुवा रोजच्यासारखं विचारत असे, आज कोणी नवीन आलं का. दीपाली पहिल्यांदा आली त्या दिवशी उज्ज्वलाताई म्हणाल्या, नाही. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाल्या. दुव्याला त्यांच्या आवाजातलं काही कळलं असेल तर त्यानं ते बोलून दाखवलं नाही. ‘बरं, उद्या भेटू,’ एवढंच तो म्हणाला. मायलेकी गेल्यावर चार दिवस उज्ज्वलाताई खुशीत होत्या. एक तरी बाई अशी होती जिच्यातला कोणताही भाग त्यांच्यासाठी बंद नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास नलिनी तांब्यांचा फोन आला.

ओवीला ताप होता म्हणून दीपाली तिला घेऊन बाजारातल्या दवाखान्यात गेली होती. काचेतून तिला समोरच्या रिक्षा स्टँडवर संग्राम दिसला. हातातल्या फोनवर फोटो दाखवत तो एकेका रिक्षावाल्याला विचारत होता. दवाखान्यातल्या नर्सनं दोघींना मागच्या औषधांच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि निवारागृहाला कळवलं होतं.

“उज्ज्वला, याला इथला पत्ता लागला कसा गं?” नलिनीताई विचारत होत्या. “आमच्याकडची कुठलीच बाई आजवर अशी सापडलेली नाही.”

कसा, ते उज्ज्वलाताईंना दोन फोनांत कळलं. संग्रामनं बायको आणि मुलगी हरवल्याची तक्रार दिली होती. अशी तक्रार आली की पोलिसांचं ‘शोधक’ नावाचं यंत्र राज्यातल्या सगळ्या बस स्थानकांवरच्या कॅमेऱ्यांतून चेहरा आणि चाल जुळवत जातं आणि माणूस शेवटचं कुठे दिसलं ते तक्रारदाराला तासाभरात कळवतं. हरवलेल्या मुलांच्या आयांनी वर्षानुवर्षं मागणी केल्यावर तो नियम झाला होता. पण त्याच नियमात एक अट होती. शोध सुरू करण्याआधी शोधकानं दुव्याच्या बंद पेटीला विचारायचं, ही बाई तुमच्या आसऱ्याला आहे का? पेटी ‘हो’ म्हणाली की शोध तिथेच थांबतो, आणि का थांबला हे कोणालाच कळत नाही.

शोधकानं विचारलं होतं. पेटीनं ‘नाही’ म्हटलं होतं. कारण दीपाली पेटीत नव्हतीच.

उज्ज्वलाताईंनी तिकडच्या पोलीस ठाण्याला फोन लावला. पलीकडचा अंमलदार भला माणूस होता, पण त्याच्यासमोरच्या पडद्यावर एक हरवलेली बाई आणि तिला शोधत आलेला काळजीतला नवरा एवढंच दिसत होतं. मदत करायला आम्ही माणूस पाठवतोच, तो म्हणाला. मदत कोणाला हवी आहे, हे उज्ज्वलाताईंनी त्याला दोनदा समजावून सांगितलं. लेखी काही आहे का, त्यानं विचारलं. त्यांच्याकडे एक डायरी होती.

त्या आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि दुव्यासमोर बसल्या. काय केलं ते त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना दुवा आपला आवाज पेटी उघडावी तसा उघडून बघत असेल, हा विचार मनात आलाच.

दुव्यानं दोष दिला नाही, धीरही दिला नाही. त्यानं विचारलं की दीपाली आता ज्या फोनजवळ आहे त्याचा नंबर काय, आणि तिला दुव्याबद्दल काही माहीत आहे का. नाही, उज्ज्वलाताई म्हणाल्या. तर आधी तुम्ही तिला सांगा, दुवा म्हणाला, तिची ओळख तुमच्याशी आहे.

नर्सचा फोन दीपालीच्या हातात आला. ती कुजबुजत होती. उज्ज्वलाताईंनी तिला थोडक्यात सांगितलं की एकजण आता तुझ्याशी बोलेल, ते यंत्र आहे, तू हो म्हणालीस तरच ते काही करेल, आणि ते लवकर करेल. ती ‘काय?’ असं दोनदा म्हणाली. मग म्हणाली, बरं.

“उज्ज्वलाताई,” दुवा म्हणाला, “संमती घेताना तिसरं कोणी ऐकत नसावं. तुम्ही फोन ठेवाल का?”

त्यांना फोन ठेवायचा नव्हता. संग्राम त्या दवाखान्यापासून शंभर पावलांवर होता, एकेक क्षण महत्त्वाचा होता, हे सगळं कळत असूनही त्यांचं बोट बटणावर अडून राहिलं. ती माझ्याकडे आली होती. चालत आली होती. मी ऐकलं तर काय बिघडणार आहे? असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. मग त्यांनी फोन ठेवला, खोलीतून बाहेर आल्या आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर उभ्या राहिल्या.

बावीस मिनिटं गेली. त्या वेळात पलीकडे काय झालं ते त्यांना नंतर नलिनीताईंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. चौथ्या मिनिटाला शोधकानं शोध बंद केला. सातव्या मिनिटाला त्या अंमलदाराच्या पडद्यावरचा मजकूर बदलला. अकराव्या मिनिटाला साध्या कपड्यांतल्या दोन महिला पोलीस दवाखान्याच्या मागच्या दारानं आत गेल्या. संग्राम तोवर दवाखान्याच्या पायऱ्या चढून आला होता. नर्सनं त्याला नाव नोंदवायला लावलं, वय विचारलं, काय होतंय विचारलं, वजन करायला काट्यावर उभं केलं. तो काट्यावर असतानाच अंमलदार आला आणि म्हणाला की तुमची पत्नी सुखरूप आहे, तिला तुम्हाला भेटायचं नाही, तुम्ही ठाण्यात चला.

एवढ्या सगळ्यात दुवा दीपालीशी बोलत होता. काय बोलत होता ते कोणालाच माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र संध्याकाळी उज्ज्वलाताईंच्या पडद्यावर आली, दीपालीच्या परवानगीनं, पुढच्या उपचारासाठी. तिला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. कानाचा पडदा फाटला होता, बहुधा दीड वर्षापूर्वी. फोन डाव्या कानाशी असताना ती प्रत्येक प्रश्न पुन्हा विचारत होती, दुव्याच्या सांगण्यावरून उजव्या कानाला लावल्यावर विचारत नव्हती, एवढ्यावरून दुव्यानं ते ओळखलं होतं. उज्ज्वलाताई तिच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या, तीन दिवस, हळू आवाजात. तिच्या गप्प राहण्याला त्यांनी भीती म्हटलं होतं.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी जिल्हा कार्यालयाला स्वतःहून सगळं लिहून दिलं. चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली. वरिष्ठ म्हणाल्या की अठरा वर्षांचं काम बघून आम्ही एवढ्यावर थांबतोय. पण खरी भेट बाकी होती.

सहा आठवड्यांनी संरक्षणाच्या अर्जाच्या सुनावणीसाठी दीपाली धामणपेठेत आली. आदल्या दिवशी ती केंद्रात बसली होती, ओवी मालनजवळ खेळत होती. उज्ज्वलाताई यावेळी तिच्या उजव्या हाताला बसल्या आणि त्यांनी काही न लपवता सांगितलं. दुव्याबद्दल तुला सांगायला हवं होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही, तू फक्त माझ्याकडे राहावीस असं मला वाटलं, म्हणून संग्राम तिथपर्यंत पोचला.

दीपालीला राग आलेला दिसत होता आणि तो ती लपवतही नव्हती. हे उज्ज्वलाताईंना बरंच वाटलं. मग ती इतकंच म्हणाली की ओवी त्या दिवशी औषधांच्या खोलीत स्वतःचं तोंड स्वतःच्या हातानं दाबून बसली होती.

उज्ज्वलाताईंनी माफी मागितली. आणि तिथेच थांबायचं सोडून, सहा आठवडे आत दाबून ठेवलेलं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“त्या बावीस मिनिटांत तू त्याच्याशी एवढं काय बोललीस गं?”

दीपालीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचे खांदे किंचित वर उचलले गेले होते, एखादी वस्तू अंगावर येताना उचलले जातात तसे.

“ताई,” ती म्हणाली, “हेही असंच विचारायचे. रोज. कोणाशी बोललीस, काय बोललीस.”

ती उठली, ओवीला घेतलं आणि गेली. अठरा वर्षं उज्ज्वलाताईंनी अशा नवऱ्यांना टेबलापलीकडून पाहिलं होतं. त्यांच्यातला एखादा आपल्या आवाजातून बोलेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

केंद्र बंद करायच्या वेळी दुवा म्हणाला, “दीपाली चौगुले यांचा निरोप आहे. उद्या कोर्टात तुम्ही त्यांच्यासोबत असावं अशी त्यांची इच्छा आहे. तुम्ही काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं.”

हा निरोप तिनं मला का दिला नाही, तुला का दिला, असं विचारायचं त्यांच्या मनात आलं. त्यांनी विचारलं नाही. येते म्हणून सांग, असं म्हणाल्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात लांब बाक होता. दीपालीच्या उजव्या कानात दुव्याचं छोटं यंत्र होतं. पुढे काय होणार, कोणता कागद केव्हा काढायचा, हे तो तिला सांगत असावा. ती मधूनच मान हलवायची, एकदा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली, एकदा किंचित हसली. उज्ज्वलाताई तिच्या डाव्या बाजूला, ऐकू न येणाऱ्या बाजूला बसल्या होत्या आणि ते हसणं त्यांना पूर्वीसारखंच खुपलं. ते काही गेलं नव्हतं. जाईल असंही त्यांना वाटत नव्हतं.

बाराच्या सुमारास जिन्यावरून संग्राम आला, वकिलाबरोबर, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. व्हरांड्याच्या त्या टोकाला तो थांबला आणि बाकाकडे पाहू लागला. दीपाली कानातलं ऐकत होती. तिनं मान वळवली नाही, ऐकणंही थांबवलं नाही. फक्त बाकावर थोडी मागे सरकली, इतकी, की उज्ज्वलाताईंचा रुंद खांदा तिच्या आणि त्याच्या मधे आला.

उज्ज्वलाताईंनी पदर नीट केला, पाठ ताठ केली आणि त्याच्याकडे बघत बसल्या. पुकारा व्हायला अजून तासभर होता. तेवढा वेळ त्या जागच्या हलल्या नाहीत.